आरतीला उभं राहताना

आमच्या अण्णांना आरतीला उभं राहायची भीती वाटायची. काष्टीत आणि आसपासच्या वस्त्यांवर ज्या माणसानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं सत्यनारायण सांगितले, लग्नं लावली, वास्तुशांती केल्या, त्या माणसाला आरतीची भीती! पोथी सांगताना आवाज खणखणीत. संकल्प सोडताना हात स्थिर. पण पाचवा अध्याय संपला, कुणीतरी घंटा उचलली, की चेहरा उतरायचा. हे मला कळायला कितीतरी महिने लागले, आणि मी राहत होते त्यांच्याच घरात. शाबास माझी!

मी त्यांची एकुलती एक मुलगी. गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. वय पन्नास, लग्न झालेलं नाही, आणि राग कायम नाकावर. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. सकाळी मी शाळेत जायची, ते पूजेला जायचे. संध्याकाळी चहा घेताना मी माझी दिवसभराची भांडणं सांगायची आणि ते ऐकायचे. त्यांचं कुणाशी भांडणच नसायचं, मग सांगणार काय?

अण्णांना सोरायसिस होता. पंचेचाळिशीत कोपरावर बोराएवढा चट्टा उठला, लालसर, वर पांढरा पापुद्रा. आईनं खोबरेल लावलं. वर्षभरात गुडघ्यांवर गेला, पाठीवर गेला, डोक्यात शिरला, आणि ज्याची धास्ती होती तिथंही आला, तळहातावर. भटजीचा तळहात म्हणजे चारचौघांत सदैव उघडा. झाकणार कसा? करंजाचं तेल झालं, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या, कुणी सांगितलं म्हणून वांगं बंद, दही बंद, मीठ कमी. एका वैदूनं असला काळा लेप दिला की आठ दिवस घरात डांबराचा वास. रोग मात्र हलला नाही. उन्हाळ्यात जरा बरा, थंडीत पुन्हा उसळी.

रोज पहाटे मी अण्णांची चादर परसात झटकायची आणि खोली झाडायची. सुपलीत पांढरा कोंडा निघायचा. आधी आई झाडायची, मग मी झाडू लागले. दार उघडायच्या आत हे काम उरकायचं, असा आमच्या घरातला दंडक होता. कुणी घातला होता कोण जाणे, पण कधी मोडला नाही.

गावात जो तो आपल्या अकलेप्रमाणं नाव ठेवायचा. कुणी नायटा म्हणायचं, कुणी गजकर्ण. एक बाई तर आमच्या दारात उभी राहून "महारोग तर न्हाई ना?" म्हणाली. तिच्याशी मी अजून बोलत नाही. हा रोग शिवून होत नाही, एका ताटात जेवलं तरी होत नाही, हे मी शाळेत सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं, बाजाराच्या दिवशी भाजी घेता घेता सांगितलं. पण मला दिसायचं ते दिसायचंच. पूर्वी अण्णा यजमानांच्या कपाळाला स्वतः गंध लावायचे, मनगटाला नाडा बांधायचे. आता गंधाची वाटी नुसती पुढं सरकवायचे, "लावून घ्या" म्हणायचे. नाडा नवराबायकोंनी एकमेकांना बांधायचा. प्रसाद घरातल्या सुनेनं वाटायचा. मी मनात म्हणायची, गावानं माझ्या बापाला हातभर लांब ठेवलं. आणि त्या रागावर मी पंचवीस वर्षं जगले, खोटं कशाला सांगू?

गावाला शिव्या देऊन झाल्या. आता माझं सांगते.

अण्णा मुळात खांद्यावर हात टाकून बोलणारे. समोरचा शेतकरी असो, तलाठी असो, चहावाला असो, बोलता बोलता यांचा हात त्याच्या खांद्यावर. लहान मूल दिसलं की डोक्यावर हात. आई चिडवायची, "तुमचे हात बांधले तर तुम्ही मुके व्हाल." मी चोवीस वर्षांची असताना मला बघायला पुण्याकडचे लोक येणार होते. मुलगा बँकेत, घर चांगलं, मला फोटोवरून पसंत. आईनं पोहे केले. अण्णा नवा झब्बा घालून ओसरीवर येरझारा घालत होते. तेव्हा मी बाहेर आले आणि म्हणाले, "अण्णा, आज कुणाला हात लावू नका हं. लोकांना किळस येते."

इतकंच. आवाजही चढला नव्हता. अण्णांनी आपल्या तळहातांकडं बघितलं, "बरं बाळ" म्हणाले, आणि हात पाठीमागं बांधले. पाहुणे होते तोवर ते तसेच, पाठीमागं हात बांधून, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे बसले. मुलाच्या वडिलांनी निघताना हात पुढं केला, तर यांनी लांबूनच नमस्कार केला. आठ दिवसांनी नकाराचं पत्र आलं. पत्रिका जुळत नाही म्हणे! म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

मला वाटलं, ती गोष्ट त्या संध्याकाळपुरती होती. मी विसरून गेले. गंधाची वाटी पुढं सरकू लागली ती त्याच्यानंतर, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. की आलं होतं आणि मी येऊ दिलं नाही? आता कुणाला विचारू?

तर आरती. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गावात बोलवा झाली की गुरुजी आरतीत डोलतात. डोळे अर्धे मिटतात, अंग हेलकावे खातं, शब्द मध्येच विरतात. बायका सांगायच्या, "तुमच्या अण्णांची लई लागती वो समाधी." एका म्हातारीनं तर त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. बोलावणी वाढली. आडवळणाच्या वस्तीवरून माणसं मोटरसायकल घेऊन न्यायला यायची. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी गावाला माझ्या बापाची किंमत कळली.

आणि मग एका रविवारी घरात, माझ्या डोळ्यांदेखत, ते देवपूजेच्या पाटावरून उठले आणि डोलले. घरात कुठली आरती? तांदूळ निवडत होते मी. त्यांनी भिंतीला पंजा लावला, डोळे मिटले, कपाळावर घाम. थोड्या वेळानं डोळे उघडले तर समोर मी.

"अण्णा, हे काय?"

"काही नाही. भिंती जरा फिरतात. थांबतात लगेच."

"कधीपासून फिरतात?"

"होतं मधूनमधून. पित्त असेल."

"आरतीतही हेच होतं? ती समाधी म्हणतात ती?"

ते हसले. चोरी सापडल्यावर माणूस हसतो, तसं. म्हणाले, "अगं, तास-दीड तास मांडी घालून बसायचं आणि एकदम उठायचं. डोळ्यांपुढं अंधारी येते. लोकांना वाटतं, देव भेटला. मी कशाला सांगू, की नाही भेटला म्हणून?" मग म्हणाले, "बाळ, किती वर्षांनी माझ्या पायाला कुणीतरी हात लावला."

मी चिडले. मला रडू यायला लागलं की मी चिडते. म्हटलं, उद्याच्या उद्या नगरला डॉक्टरांकडं. ते म्हणाले, परवा पूजा आहे. मी म्हटलं, देव थांबेल, मी थांबणार नाही.

नगरला एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मला वाटलं, चट्टे बघतील, मलम देतील आणि चक्करेसाठी दुसरीकडं पाठवतील. पण या बाईंनी चट्टे बघता बघताच विचारलं, छातीत धडधडतं का, जिना चढताना दम लागतो का, उठताना अंधारी येते का. अण्णा माझ्याकडं बघायला लागले. बाईंनी त्यांना झोपवून रक्तदाब घेतला. मग उभं करून घेतला, थोड्या वेळानं परत घेतला. उभं राहिल्यावर आकडा धाडकन खाली आलेला. मग छातीला वायरी लावून खोल श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. कागदावर नाडीच्या रेघा उमटत होत्या, एकसारख्या.

"बघ, किती नियमित आहे," अण्णा मला म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "आजोबा, इतकी नियमित नसावी. श्वास आत घेताना नाडी थोडी वाढायला हवी, सोडताना उतरायला हवी. तुमची हलतच नाही." मग त्यांनी समजावलं, आणि इतकं सोपं समजावलं की मी वर्गात तसं शिकवू शकले तर धन्य होईन. हात-पाय आपण ठरवून हलवतो, पण हृदयाची गती, रक्ताचा दाब हे आपण ठरवत नाही. त्यासाठी वेगळ्या नसा आहेत, त्या न सांगता काम करतात. बसलेला माणूस उठला की रक्त पायांत उतरतं. मग त्या नसा हृदयाला सांगतात, जोर लाव. रक्तवाहिन्यांना सांगतात, आवळा. अण्णांच्या नसा हे सांगायला उशीर करत होत्या, तेवढ्यात डोक्याला रक्त कमी पडत होतं. आणि सोरायसिस हा काही नुसता कातडीचा रोग नाही. आतमध्ये सूज धुमसत असते, ती वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांना छळते, हृदयाला छळते, काहींच्या या नसांनाही. सगळ्यांना होतंच असं नाही, पण बघत राहायला हवं.

"इतक्या वर्षांत कुणी हृदय तपासलंच नाही?" बाईंनी विचारलं.

कुणी नाही. एक तर अण्णा बाही वर करायला तयार नसायचे. गावात रक्तदाब तपासायला माणसं आली की हे मागच्या दारानं बाहेर. आणि आम्ही करंजाचं तेल लावत बसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

बाईंनी हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं आणखी तपासण्या झाल्या. एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. गोळ्यांवर भागेल, म्हणाले. त्यात रक्त पातळ करायची गोळी होती. पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं कागद दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं नाही, अण्णांकडंच बघून सांगितलं, "आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पडायचं नाही. ही गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर आत रक्त साचतं. उपास बंद. पाणी भरपूर. उठताना सावकाश, आणि माणसाचा हात धरून. पूजेला गेलात तर शेजारी जो असेल त्याचा हात धरायचा, लाजायचं नाही."

हे सांगताना त्यांनी अण्णांचा तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. अण्णांनी तो ओढून घ्यायला बघितलं. त्यांनी सोडला नाही.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले होते. उसाच्या ट्रॉल्या मागं पडत होत्या. म्हणाले, "बाईंनी हातमोजे घातले नव्हते गं."

"नाहीच घालायचे, अण्णा. शिवून होत नाही तो."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "किळस तर येते ना लोकांना."

माझाच शब्द. जसाच्या तसा. तेवीस वर्षं जपून ठेवलेला. मी तिथंच म्हणायला हवं होतं, अण्णा, मी चुकले, मी मूर्ख होते, किळस गावाला नव्हती, लाज मला होती. पण गाडीत माणसं होती. माणसं नसती तरी म्हणाले असते का? मी कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडले आणि घरी आले.

मग आमचा तह झाला. पूजेला निघताना उपास असला तरी तांब्याभर ताक पिऊन जायचं. पाटाऐवजी ठेंगणं स्टूल घ्यायचं, गुडघेदुखी सांगायची. उठायच्या आधी पायांची बोटं हलवायची, मिनिटभर थांबायचं. हे सगळं त्यांनी मान्य केलं. दोन गोष्टी मात्र केल्या नाहीत. चक्कर येते हे गावात सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. "भटजींना फेफरं येतं म्हणतील. कोण बोलावेल मग?" आणि हात धरायच्या बाबतीत म्हणाले, "भिंत धरेन. मी भिंतीशीच बसत जाईन."

मी शपथ पाळली. गावभर तोंड चालवणारी मी, नेमकी इथं गप्प बसले.

दोन वर्षं भिंतीनं त्यांना सांभाळलं. यजमानांकडं गेले की आधी चौरंग भिंतीजवळ सरकवून घ्यायचे. लोकांना वाटायचं, काही दिशाशास्त्र असेल.

गेल्या श्रावणात मळ्यातल्या दादांकडं सत्यनारायण होता. हे दादा साठीचे, ऊसवाले, आमच्या घराशी तीन पिढ्यांचा संबंध. त्यांचं लग्न अण्णांनीच लावलेलं. दादांनी मळ्यात नवा बंगला बांधला होता, आणि त्यातला हॉल केवढा, तर आमच्या शाळेचे दोन वर्ग बसतील. चौरंग त्याच्या मधोमध मांडलेला, चार बाजूंना केळीचे खुंट, पाहुणे गोल करून बसलेले. इतकं सजवून झाल्यावर चौरंग हलवा म्हणणार कसं? अण्णा बोलले नाहीत. मी शाळेत होते.

दुपारी दादांच्या मुलाचा फोन आला. आरतीला उठताना गुरुजी पडले. नव्या फरशीवर डोकं आपटलं. रक्त फार नाही, शुद्धीत आहेत, नगरला नेतोय, तुम्ही रस्त्यावर येऊन थांबा.

गाडीत अण्णा माझ्याशी बोलले. "आरती राहिली," म्हणाले. "त्यांना म्हणावं, उरकून घ्या." श्रीगोंदा फाटा मागं पडला आणि त्यांची जीभ जड झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणं थांबलं. डोक्यात आतून रक्त साचलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हृदय मात्र चांगलं चालू होतं, असं तिथले डॉक्टर मला दोनदा म्हणाले. मी त्याचं काय करू?

तीन दिवस ते काचेपलीकडं होते. दिवसातून दोनदा आत सोडायचे, पाच-पाच मिनिटं. डोळे मिटलेले, तोंडात नळी. चट्टे त्या पांढऱ्या चादरीवर जास्तच लाल दिसायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा हात हातात घेतला. आजारपणं सोडली तर मी शेवटचा त्यांचा हात कधी धरला होता, मला आठवेना. तळहात खरखरीत, भेगाळलेला, आणि ऊबदार. आणि अण्णांनी तो मागं ओढला. जोर नव्हता, बोटभरच हलला असेल. परिचारिका म्हणाली, "आपोआप होते अशी हालचाल, त्यांना काही कळत नाही." असेल. तिचं म्हणणं खरं असेल. मी हात सोडला नाही. पण त्यांनी ओढला होता, हे मला कळलं होतं.

दुपारी गेले.

चुलतभावानं सगळं केलं. मी घरात बसून होते. आम्हाला दहा दिवसांचं सुतक, त्यामुळं येणारी माणसं ओसरीवर टेकायची, चहा घ्यायची नाहीत, लांबूनच मान हलवून जायची. चौथ्या दिवशी पहाटे सवयीनं मी अण्णांची खोली झाडली. सुपलीत नुसती धूळ आली. मी तिथंच बसले आणि ओरडून रडले. दार उघडायचं राहिलं ते उजाडून वर ऊन आलं तरी.

सहाव्या दिवशी मळ्यातले दादा आले. ओसरीच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी उंबऱ्याच्या आत. मग म्हणाले, "ताई, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा."

"त्या दिशी मी गुरुजींच्या शेजारीच उभा हुतो. ते उठलं, अन् मला दिसलं, ह्यांचा तोल चाललाय. समाधी न्हाई, काय न्हाई, चक्कर हाय ही. मी हात म्होरं केला. ह्यो असा." त्यांनी हात लांब करून दाखवला. "त्यांनी बी बघितला माझा हात. त्यांचा हात अर्ध्यापत्तुर आला बी हुता. मग त्यांनी मागं घेतला."



"मग मी बी माझा मागं घेतला," दादा म्हणाले. "म्हनलं, सोवळ्यात हायत. शिवलो तर आरतीच्या टायमाला त्यांचं सोवळं मोडंल. तेवढ्यात ते गेलंच खाली."

दादा टोपीवरची धूळ झटकत राहिले.

"आधी गुरुजी असं नव्हतं, ताई. माझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हनताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर हुता. मी लई भ्यालो हुतो, तर म्हनले, घाबरू नको गड्या, मी हाय मागं. अजून ध्येनात हाय माझ्या. मग मधीच कवातरी त्यांनी सोवळं कडक केलं. गंधाची वाटीच म्होरं करायला लागलं. आमी कुनी म्हनलं न्हवतं तसं. आमाला वाटलं, बामनाचं सोवळं, आपुन कसं इचारायचं? म्हून आमीच मग जपून, लांब ऱ्हायला लागलो." टोपी त्यांनी हातात घेतली, परत गुडघ्यावर ठेवली. "ताई, खरं सांगा. गुरुजींना आमचा इटाळ व्हायचा का वो?"

पंचवीस वर्षं मी या माणसांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आणि हे तेवढीच वर्षं, शिवलो तर यांची पूजा मोडेल म्हणून अंग चोरत होते. मध्ये हातभर जागा राहिली होती. त्या जागेत माझा बाप पडला.

"नाही दादा," मी म्हटलं. "विटाळ कसला? त्यांना वाटायचं, तुम्हाला त्यांच्या हाताची किळस येते. चट्ट्यांची. म्हणून ते शिवायचे नाहीत."

दादांनी माझ्याकडं वळून बघितलं. "आमाला? गुरुजींची किळस?" त्यांचा आवाज चढला. "असं कुनी सांगितलं त्यास्नी?"

शेजारच्या कुणाचंही नाव घेता आलं असतं. त्या महारोगवाल्या बाईचं तर सहज. अण्णांचंच सुतक होतं आणि मला त्यात खोटं बोलवेना.

"मी," मी म्हटलं.

हळूहळू दादांची मान खाली गेली. थोड्या वेळानं त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पायरीवरून उठायला लागले. गुडघे धरलेले होते, उठवेना. मी उंबऱ्याबाहेर आले, वाकले आणि हात पुढं केला.

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. "सुतक हाय, ताई, तुमाला," म्हणाले, आणि भिंत धरून उठले.

सुतकामुळं धरला नाही, की मी जे सांगितलं त्यामुळं, मला कळलं नाही. मी हात मागं घेतला.